खेळणारी मुले आणि खेळ रचणारी मुले



हायस्कुलातील मुलामुलींना व्हिडिओ गेम रचायला शिकवावे, हा आजचा आमचा विषय. तो जाहीर झाला तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. घरोघरी तक्रार एकच : मुलगा जेवतानासुद्धा मोबाइल खाली ठेवत नाही, मुलगी अभ्यासाचे पुस्तक उघडते आणि त्याच्या आड खेळ चालू असतो. अशा वेळी कोणी व्यासपीठावर उभे राहून शाळेतही हेच शिकवा म्हणू लागला, तर तो आगीत तेल ओततो आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. ही शंका आम्ही बाजूला सारणार नाही. उलट तिच्यातूनच आमचा विषय निघतो.

ऊस खाणे वेगळे आणि ऊस लावणे वेगळे. खाणाऱ्याला फक्त गोडी कळते. लावणाऱ्याला जमीन, पाणी, बेणे, कीड आणि कारखान्याचा भाव हे सगळे कळावे लागते. खेळाचेही तसेच आहे. आज आपली मुले ऊस खाणारी आहेत. त्यांच्या हातातला खेळ कोणी रचला, त्यात मोह कोठे ठेवला आणि का ठेवला, याचा त्यांना पत्ता नसतो. आमचे म्हणणे एवढेच की, वर्षातून काही तास तरी त्यांना लावणाऱ्याच्या बाजूला उभे करावे.

हे खेळ प्रथम कसे जन्माला आले ते पाहा. १९५८ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाचे पदार्थविज्ञानाचे जाणकार काम करीत होते. प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांना नुसती यंत्रे पाहून कंटाळा येई. म्हणून त्यांनी ऑसिलोस्कोपच्या लहानशा गोल पडद्यावर दोघांनी खेळायचा टेनिसचा खेळ मांडला. लोकांनी रांगा लावल्या. दुसऱ्या वर्षी पडदा मोठा आला आणि चेंडूवरचे गुरुत्वाकर्षण बदलण्याची सोयही आली. चंद्रावर टेनिस कसे होईल, गुरू ग्रहावर कसे होईल, ते खेळून पाहता येऊ लागले. म्हणजे या खेळाचा उगम शिकवण्याच्या हेतूतच आहे.

पुढे १९७२ साली ‘पाँग’ हा खेळ निघाला आणि त्याने या धंद्याचा पाया घातला. तो रचणारे ॲलन अल्कॉर्न तेव्हा नुकतेच कंपनीत आलेले तरुण अभियंते होते आणि हे काम त्यांना हात बसावा म्हणून सरावासाठी दिले होते. चेंडू फळीवर आपटून सरळ परत गेला असता तर खेळ दोन मिनिटांत कंटाळवाणा झाला असता. अल्कॉर्न यांनी फळीचे आठ भाग कल्पिले. मधल्या भागावर चेंडू लागला तर सरळ जाईल, कडेला लागला तर तिरका जाईल. एवढ्याशा नियमाने खेळात कौशल्य आले. खेळाचा प्राण चित्रांत नसून नियमांत असतो, हा या विद्येचा पहिला धडा आहे.

आता वर्गात प्रत्यक्ष काय शिकवायचे? आरंभाला संगणक नकोच. चौकटीची वही, दोन फासे आणि मूठभर चिंचोके पुरेत. मुलांसमोर सापशिडीचा पट मांडावा. आपल्याकडे मोक्षपट म्हणून हा खेळ जुना आहे. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वर महाराजांशी जोडते. शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे, अशी त्याची मांडणी. मुलांना विचारावे : या खेळात तुम्ही स्वतः काय ठरवता? थोड्या वेळात कोणीतरी म्हणेल, “काहीच नाही. फासा सांगतो तसे चालतो.” मग सांगावे की, एक नियम असा बदला की खेळणाऱ्याला काहीतरी ठरवावे लागेल. कोणी म्हणेल, दोन फासे टाकावे आणि त्यांतला एकच निवडावा. लगेच पटावर विचार सुरू होतो : पाच घेतले तर शिडी मिळते, पण तीन घेतले तर पुढच्या खेपेला मोठी शिडी जवळ येते. एका नियमाने नशिबाचा खेळ बुद्धीचा कसा झाला, हे मुलाने स्वतःच्या हाताने पाहिले. हे पाहायला वीजसुद्धा लागत नाही.

यानंतर संगणक. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेने २००७ साली ‘स्क्रॅच’ नावाचे साधन लोकांपुढे आणले. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकाला एक जोडून खेळ तयार करता येतो. ते फुकट मिळते आणि संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालते. याचे मूळ ‘लोगो’ या १९६७ सालच्या भाषेत आहे. सीमोर पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी ती मुलांसाठीच घडवली. यंत्राने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने यंत्राला शिकवावे, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता.

एक साधे उदाहरण घेऊ. पडद्यावरच्या बाहुल्याला उडी मारायला लावायची आहे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने काढले जाते. प्रत्येक वेळी बाहुला किती ठिपके वर सरकेल ते आपण सांगायचे. पहिल्या वेळी १२, मग ११, मग १०, असे एकेक कमी करीत शून्यावर आणायचे आणि तसेच खाली उतरवायचे. ही उडी अगदी खरी दिसते, कारण गुरुत्वाकर्षणही प्रत्येक क्षणी वेग ठराविक मापानेच बदलते. आता उडी किती उंच गेली? १२ पासून १ पर्यंतच्या अंकांची बेरीज ७८. पण वाटेतली भिंत १०० ठिपके उंच असेल तर? १३ ने सुरुवात केली तर ९१ होतात, भिंत ओलांडत नाही. १४ ने केली तर १०५, म्हणजे ओलांडली. अंकगणिती श्रेढी दहावीच्या वर्गात फळ्यावर येते तेव्हा जांभया देणारा मुलगा येथे तीच श्रेढी आपण होऊन शोधू लागतो. त्याला ती हवी असते.

मग चुकांचे प्रकरण येते. मुलगा चेंडू आणि फळी करतो. पुढे खेळ अवघड व्हावा म्हणून चेंडूचा वेग वाढवतो, आणि अचानक चेंडू फळीतून आरपार निघून जातो! फळी १० ठिपके जाड आणि चेंडू एका पावलात ३० ठिपके चालतो. एका क्षणी तो फळीच्या अलीकडे असतो, दुसऱ्या क्षणी पलीकडे. फळीला तो शिवतच नाही. संगणक चुकलेला नाही, त्याने सांगितले तेच केले. मुलाला आपली आज्ञा पुन्हा वाचावी लागते. येथे मास्तरांनी तांबड्या शाईने फुली मारलेली नसते. चूक समोर दिसते, तिचे कारण शोधता येते आणि ती दुरुस्त झाल्याचेही लगेच दिसते. परीक्षेच्या धाकात वाढलेल्या आपल्या मुलांना चुकीकडे पाहण्याची ही दृष्टी दुसरीकडे क्वचितच मिळते.

परंतु सर्वांत मोलाचा तास याच्याही पुढचा आहे. खेळ तयार झाला की तो वर्गातल्या दुसऱ्या मुलाला खेळायला द्यायचा, आणि रचणाऱ्याने शेजारी तोंड मिटून बसायचे. खेळणारा अडतो, भलतीकडे जातो, वैतागतो. रचणाऱ्याच्या जिभेवर येते, “अरे, इकडे उडी मार ना!” पण बोलायचे नाही. नुसते पाहायचे आणि लिहून घ्यायचे. खेळणाऱ्याला वाट कळली नसेल तर दोष खेळणाऱ्याचा नाही, आपल्या मांडणीचा आहे, हे तेव्हा उमगते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःचे काम पाहण्याची ही सवय पुढे शिक्षकाला लागते, डॉक्टरला लागते, आणि सरकारी अर्जाचा नमुना तयार करणाऱ्याला तर फारच लागते!

हे सारे नुसते कल्पनेचे मनोरे नाहीत. अमेरिकेतील विदुषी यास्मिन काफाई यांनी बोस्टनमधील सार्वजनिक शाळेच्या चौथीतल्या सोळा मुलांकडून असे काम करवून घेतले आणि १९९५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तिसरीतल्या मुलांना अपूर्णांक शिकवणारा खेळ ‘लोगो’ भाषेत रचा, असे काम त्यांना दिले होते. ते कित्येक महिने चालले. त्यांतली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बहुतेक मुलांनी असा खेळ केला की नायक चालत जातो, कोणीतरी वाट अडवतो आणि अपूर्णांकाचा प्रश्न विचारतो. म्हणजे खेळ एकीकडे आणि अपूर्णांक दुसरीकडे. विषय खेळाच्या पोटातच मुरवणे किती अवघड आहे, ते यावरून दिसते. शिक्षणाच्या नावाने बाजारात विकले जाणारे पुष्कळ मोठ्यांचे खेळही याच पायरीवर अडकलेले आहेत. मग चौथीतल्या मुलांना दोष कसा द्यावा? आमच्या हायस्कुलातली मुले वयाने मोठी आहेत. ती ही पुढची पायरी चढू शकतील.

आता आरंभीच्या शंकेकडे येऊ. खेळांचा नाद हा खोटा बागुलबुवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर नादाला आपल्या रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आहे. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी एकेक तासच ऑनलाइन खेळ खेळता येतील असा नियम केला. आपल्या संसदेने २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदे हवेतच. पण कायदा दार लावतो, डोळे उघडत नाही.

डोळे कसे उघडतात ते सांगतो. पुष्कळ खेळांत एक पेटी असते. पैसे भरून ती उघडायची, आत काय निघेल ते दैवावर. बेल्जियम देशाने २०१८ साली अशा काही पेट्यांना जुगार ठरवले. मुलांना वर्गात अशीच एक पेटी करायला लावावी, अर्थात पैशांवाचून. संगणकाने १ ते १०० मधला कोणताही आकडा काढायचा, १ आला तरच सोन्याची तलवार. मुलांना वाटते, शंभरदा उघडली की तलवार मिळणारच. मग हिशेब करायला सांगावे. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर वेळा पेटी उघडली तरी सुमारे ३७ मुले रिकाम्या हाताने परत जातील! हा हिशेब ज्याने स्वतः मांडला, तो पुढच्या वेळी वडिलांच्या खात्यातले पैसे पेटीत घालण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल. तो नादातून सुटेलच, अशी हमी आम्ही देत नाही. पण त्याला कोणी फसवले तर आपण कसे फसवले जात आहोत, हे तरी त्याला कळेल.

दुसऱ्या टोकाचे पालकही भेटतात. “यात नोकऱ्या फार आहेत म्हणे, मुलाला यातच घालू का?” त्यांना आम्ही सबुरीचा सल्ला देऊ. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या खेळांच्या कंपन्यांतून हजारो माणसांना काढून टाकले गेले. आपण शाळेत निबंध लिहायला शिकवतो तो सगळ्यांनी कादंबरीकार व्हावे म्हणून नव्हे. गॅदरिंगमध्ये नाटक बसवतो ते सगळ्यांनी नट व्हावे म्हणून नव्हे. व्हिडिओ गेमही त्याच न्यायाने शिकवावा. खरे म्हणजे तो नाटकाचा सख्खा भाऊ आहे. एक मुलगा गोष्ट लिहितो, एक मुलगी चित्रे काढते, कोणी पेटीवर सूर धरून संगीत देतो, कोणी आज्ञा मांडतो. चौघांचे जमले नाही तर खेळ उभा राहत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिकपूर्व वर्गांपासून संगणकाला आज्ञा देण्याची विद्या शिकवावी असे म्हटले आहे. धोरण कागदावर आहे, ते वर्गात आणणे आपल्या हाती आहे. ज्या शाळेत संगणकांची खोली आहे पण तिला बहुतेक दिवस कुलूप असते, तेथे पालकांनी जाऊन ते कुलूप उघडवावे. शनिवारचे दोन तास आणि एक उत्साही शिक्षक एवढ्यावर काम सुरू होते. त्या शिक्षकाला सगळे येत असलेच पाहिजे असे नाही. “मलाही माहीत नाही, चल, दोघे मिळून शोधू,” असे म्हणण्याचा मोठेपणा त्याच्यापाशी असला म्हणजे झाले. आणि वर्षअखेरीला गॅदरिंगमध्ये मुलांचे खेळ मांडावेत, आईबापांनी ते खेळावेत. मुलाने रचलेल्या खेळात बाप हरला तर घरात त्या रात्री मोबाइलवरून भांडण होणार नाही, मोबाइलवर चर्चा होईल.

विटीदांडूची विटी आपल्या आजोबांनी स्वतः तासली होती. लगोरीच्या फरशा स्वतः गोळा केल्या होत्या. आपल्या गल्लीचे नियम गल्लीतच ठरत आणि भांडून बदलत. आजच्या मुलाच्या हातात खेळ आहे, पण त्याचे नियम दूरदेशीच्या कचेरीत ठरतात. ते नियम ठरवण्याचा हक्क त्याला थोडासा तरी परत मिळवून द्यावा, एवढीच आमची या नगरातील पालकांना आणि शिक्षकांना विनंती आहे.