लिहिणारे यंत्र आणि आमच्या हातून घडलेली चूक
(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी दोन शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे सारा जन्म बाराखडी आणि पाढे शिकविण्यात गेला. परंतु गेल्या श्रावणात विद्यार्थी-साहाय्य समितीचे काम पाहताना आमच्या हातून एक चूक घडली आणि तिचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. ती आपल्यापुढे ठेवावी, एवढ्यासाठी उभे आहोत.

हे नाव वाटते तितके नवे नाही. १९५५ साली जॉन मॅकार्थी प्रभृती अमेरिकन विद्वानांनी ते प्रचारात आणले. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची एक संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. समोरच्याचेच शब्द उलटसुलट करून ती प्रश्न विचारी, इतकेच. तरीही त्यांच्या कचेरीतील बाई तिच्याशी संभाषण करू लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांनी खुद्द वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले! नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांस खुले झाले, त्याची करामत याहून फार मोठी. अफाट मजकूर त्यास आधी वाचविलेला असतो आणि त्यावरून, या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते ताडीत जाते. आमचा नातू ते भ्रमणध्वनीवर वापरतो. आमच्या मधुमेहाच्या कागदांतील इंग्रजी शब्दांचा अर्थ त्याने त्यातूनच सांगितला, हे कबूल केले पाहिजे.

आता चुकीकडे वळतो. यंदा समितीकडे आलेले अर्ज वाचताना आम्ही चकित झालो. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही! 'प्रतिकूल आर्थिक परिस्थितीवर मात करून', 'उज्ज्वल भवितव्याकडे वाटचाल', हीच वाक्ये पुन्हा पुन्हा. कोणाचे वडील गिरणीत, कोणाचे शेतावर, पण अर्ज जणू एकाच लेखणीतून उतरलेले. हे यंत्राचे काम, हे ध्यानी आले आणि आमच्यातील मास्तर जागा झाला. ज्याने स्वतः लिहिण्याचे कष्ट घेतले नाहीत, त्याची गरज ती काय, असे म्हणून आम्ही तसे अर्ज बाजूस ठेवले. अशुद्ध अक्षरांतील अर्ज तेवढे खरे मानून पुढे पाठविले.

चार दिवसांनी एक मुलगी आईसह आमच्या घरी आली. परिचारिकेच्या अभ्यासक्रमास तिला प्रवेश मिळाला होता आणि शुल्क भरण्यास दोन दिवस उरले होते. आम्ही कठोरपणे विचारले, "हा अर्ज तू लिहिलास का?"

ती म्हणाली, "गुरुजी, बोलले सगळं मीच. त्यानं फक्त अर्जासारखं केलं."

"मग त्याच्याशी बोललीस तसे आम्हांस सांग," असे आम्ही म्हणालो आणि ती सांगू लागली. हप्ते थकल्यामुळे वडिलांचा टेम्पो फायनान्सवाल्यांनी ओढून नेला. आई पहाटे चारला उठून पापड लाटते. सकाळची एस.टी. चुकली की त्या दिवशी कॉलेजचा खाडा. आम्ही तिचा अर्ज पुन्हा काढून पाहिला. त्यात ना टेम्पो होता, ना पापड, ना एस.टी. या साऱ्याचे 'प्रतिकूल परिस्थिती' एवढेच झाले होते. यंत्राने तिची भाषा सुधारली आणि तिचे घर पुसून टाकले. आम्ही मात्र दोष तिच्या माथी मारला.

रात्री झोप लागेना. चाळीस मुलांना फळ्यावरून 'माझी आई' हा निबंध उतरवून देणारे आम्हीच नव्हतो काय? सर्वांच्या आया एकसारख्या प्रेमळ आणि काटकसरी. जो स्वतःच्या आईविषयी वेगळे लिही, त्याचेच गुण आम्ही कापीत असू. लग्नाच्या शुभेच्छांची तार करतानाही तारकचेरीतील ठरलेल्या वाक्याचा क्रमांक सांगितला की काम भागत असे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तरी ती सवय आपल्यात राहिलीच. अर्ज म्हणजे आपले बोलणे लपवून लिहावयाचा कागद, हे मुलीला आमच्यासारख्यांनीच शिकविले. यंत्रानेही बहुधा आमचेच निबंध वाचले असावेत!

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी तातडीने बैठक बोलाविली. तिचे शुल्क वेळेत भरले गेले. बाजूस ठेवलेले सर्व अर्ज पुन्हा पाहिले. त्यांत आणखी तिघांस साहाय्य देणे समितीस प्राप्त झाले.

पुढील वर्षापासून अर्ज कोणीही, कशानेही लिहावा, समितीची हरकत नाही. मात्र प्रत्येक विद्यार्थ्यास बोलावून दहा मिनिटे त्याचे ऐकून घ्यावयाचे, असे ठरले आहे. ज्यांस येता येणार नाही, त्यांस दूरध्वनी करावयाचा. या कामास आम्ही तिघे पुरे पडणार नाही. ज्या वडीलधाऱ्या बंधुभगिनींना आषाढ-श्रावणात दोन-तीन रविवार देता येतील, त्यांनी आपली नावे आज भोजनापूर्वी चिटणिसांकडे नोंदवावीत, ही नम्र विनंती.