घरातील विंचू आणि आपली दक्षता
(ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शिबिरातील व्याख्यान)



घरातील विषारी कोळ्यांपासून कसे जपावे, असा प्रश्न आपल्यापैकी एका शिक्षक-मित्रांनी चिठ्ठीवर लिहून पाठविला आहे. भिंतीवर धावणारे आपल्याकडील मोठे कोळी दिसावयास भयंकर असले, तरी ते झुरळे खातात आणि माणसाच्या वाटेस सहसा जात नाहीत. भ्यावयाचे असेल तर कोळ्याच्याच कुळातील, आठ पायांच्या दुसऱ्या एका प्राण्यास भ्यावे. तो म्हणजे विंचू. म्हणून आज मी विंचवाविषयीच बोलणार आहे.

विंचू म्हटला की लोकांस मोठा काळा विंचू, म्हणजे इंगळी, आठवते. तिचे चिमटे जाड असतात, पण विष त्या मानाने सौम्य असते. खरा घातक तो लहानसा, तांबूस रंगाचा, बारीक चिमट्यांचा आणि जाड शेपटीचा लाल विंचू. कोकणच्या जांभ्या मातीत तो विपुल आढळतो. दिवसा तो गडग्याच्या फटीत, लाकूडफाट्यात, पेंढ्याखाली वा कौलांत दडून असतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पुढे भात कापणी-झोडणीच्या दिवसांत दंशाचे प्रसंग वाढतात.

हे विष शरीरात नेमके काय करते? ते मज्जातंतूंना अनावर चेतविते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब एकाएकी वाढतो, हृदयावर असह्य ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचून रोगी गुदमरतो. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा अशा रोग्यांवर खात्रीचा इलाज नव्हता. त्यांनी रोग्यांच्या उशाशी रात्री जागून लक्षणांची नोंद केली. ती निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी या दंशावर वापरली. तोपर्यंत गंभीर रोग्यांपैकी सुमारे ३० टक्के दगावत असत. ते प्रमाण सुमारे एक टक्क्यावर आले. २०११ मध्ये त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे केलेल्या अभ्यासात, प्राझोसिनच्या जोडीला विंचवावरील प्रतिविष दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, असे दिसून आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसताना एका ग्रामीण केंद्रातून हे घडले, ही गोष्ट आपल्या कार्यक्षेत्रातील तरुण डॉक्टरांस अवश्य सांगावी.

आता एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण इथेच आपली फसगत होते. विंचू चावलेला माणूस वेदनेने ओरडत असेल, पण अन्य लक्षणे नसतील, तर धोका तुलनेने कमी असतो. उलट ज्याला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, तोंडातून लाळ गळते, हातपाय गार पडतात, तो फारसा ओरडत नसला तरी त्याची स्थिती चिंताजनक समजावी. अशाच एका सात-आठ वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले, तेव्हा पहाट झाली होती. "पोर रडायचं थांबलं, म्हणून उतार पडला असं वाटलं, साहेब," असे त्याची आजी म्हणाली. मध्यंतरीचे चार तास मांत्रिकाकडे गेले होते. मूल वाचले, परंतु ते चार तास फार महागात पडण्याच्या बेतात होते. त्या आजीला मी दोष देत नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा दंश झाला की जागा कापू नये, आवळून बांधू नये, विष चोखू नये, विंचू शोधण्यात वेळ दवडू नये. रोग्यास शांत ठेवावे आणि ताबडतोब आरोग्य केंद्रात न्यावे. लहान मुलाच्या बाबतीत तर लक्षणांची वाट पाहूच नये. सुरुवातीस बरे वाटले तरी रोगी २४ तास देखरेखीखाली असावा.

घरात करावयाची कामे साधी आहेत. अंथरूण झटकून घालावे, खाट भिंतीपासून दूर ठेवावी, मच्छरदाणी लावावी. तिने डासांबरोबर आढ्यावरून पडणारा विंचूही अडतो. चपला-बूट व खुंटीवरचे कपडे झाडल्याशिवाय घालू नयेत. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी. सरपणाची रास घराच्या भिंतीला लागून रचू नये, आणि भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात. अंगणातल्या कोंबड्या विंचू टिपून खातात, हा आपल्या आज्यांचा अनुभव खोटा नाही.

पंचायत सदस्यांना एवढीच विनंती आहे की, आपल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष आहे की नाही, हे मार्च महिन्यातच विचारून घ्यावे. रात्री-अपरात्री रोगी नेण्यास गावात कोणाची गाडी मिळेल, ते नाव व '१०८' हा रुग्णवाहिकेचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून घ्यावा.