देणगीचे कारभारी



ह्या मंगल ज्युबिलीच्या दिवशीं आम्ही तुम्हांस आपल्या ठाकुर्लीच्या जुन्या वीजगृहाचें स्मरण करून देतों. 1929 सालीं जी. आय. पी. रेल्वेनें तें सुरू केलें. कोळसा येथें जळे. त्या विजेनें गाड्या मात्र दूरवर धांवत. तें वीजगृह केव्हांच बंद झालें, पण त्याचा धडा उरला आहे: शक्ति ज्याच्या ठायीं उत्पन्न होते, त्याच्यापुरतीच ती नसते.

इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 सालीं गोव्यास आले. भाषेची देणगी त्यांनीं स्वतःपुरती ठेविली नाहीं. साध्या ख्रिस्ती जनांस समजावें म्हणून त्यांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचलें. तें 1616 सालीं छापून निघालें.

याउलट, धन्याचें नाणें जमिनींत पुरणारा तो चाकर पाहा. त्यानें कांहीं चोरलें नव्हतें; तरी तो दोषी ठरला.

कोणी म्हणेल, “फादर, आम्ही पहांटेची गाडी धरतों, रात्रीं परततों, आम्हांजवळ द्यावयास काय आहे?” ज्यास लिहिणें येतें, त्यानें शेजारच्या विधवेचा पेन्शनचा अर्ज लिहून द्यावा. जी परिचारिका आहे, तिनें अंथरुणास खिळलेल्या वृद्धाजवळ घटकाभर बसावें. ज्यास गळा आहे, त्यानें गायनमंडळांत यावें. आणि शेजारी कोणत्या धर्माचा, हें कोणीं विचारूं नये.

ज्युबिलीची खरी भेट देवळाच्या पेटींत मावत नाहीं. ती शेजाऱ्याच्या दारीं पोंचवावी लागते. ती पोंचविण्याचें बळ प्रभु आपणां सर्वांस देवो.