समासांतल्या आज्ञा

संगणकावरील मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या साधनाला एडिटर म्हणतात. आयबीएम कंपनीच्या मेनफ्रेम या अवाढव्य यंत्रांवर १९८० सालीं ‘एक्सएडिट’ नांवाचा एडिटर आला. त्याचें वळण समजण्यास त्या यंत्रांचें ३२७० जातीचें टर्मिनल ध्यानांत घेतलें पाहिजे. त्यावर कितीही अक्षरें उमटवा, मुख्य यंत्राला त्याची वार्ता नसे. ‘एंटर’ची कळ दाबली म्हणजे पडद्यावरील सारे फेरफार एकदम रवाना होत, पत्र पुरें करून पेटींत टाकावें तसें. एका यंत्रावर अनेकांचीं कामें चालत. प्रत्येक अक्षराला उत्तर देत बसणें त्याला परवडणारें नव्हतें.

म्हणून आज्ञा ओळीशेजारींच लिहिण्याची सोय झाली. एक्सएडिटमध्यें प्रत्येक ओळीच्या डाव्या समासांत पांच बरोबरचीं चिन्हें दिसतात. त्यांवर ‘डी’ लिहिला कीं ती ओळ जाते. ‘आय’ लिहिला कीं खालीं नवी ओळ उघडते. परिच्छेदाच्या पहिल्या व शेवटच्या ओळीपाशीं ‘एमएम’ आणि दूरच्या एखाद्या ओळीपाशीं ‘एफ’ लिहावा. एंटरसरशीं सारा परिच्छेद त्या ओळीमागें जाऊन बसतो. निबंध तपासणाऱ्या शिक्षकाला ही रीत परकी वाटूं नये.

युनिक्सवर ही अडचणच नव्हती. बिल जॉय यांनीं १९७६ सालीं लिहावयास घेतलेला ‘व्हीआय’ प्रत्येक कळीला तत्काळ उत्तर देतो. तरीही मेनफ्रेमवर वाढलेल्या मंडळींना घरगुती संगणकावर आपला समास हवासा वाटला. त्यांच्यासाठीं मॅन्सफील्ड सॉफ्टवेअरनें १९८३ सालीं ‘केडिट’ काढला; पुढें मार्क हेस्लिंग यांनीं युनिक्स व इतर यंत्रणांसाठीं ‘द हेस्लिंग एडिटर’ विनामूल्य दिला. माइक कॉलिशॉ यांनीं १९७९ सालीं आरंभिलेल्या ‘रेक्स’ भाषेंत यांच्या नव्या आज्ञा रचतां येतात.

यास केवळ जुनी खोड म्हणणें अन्यायाचें होईल. कारण ‘ऑल’ ही एकच आज्ञा पाहा. तिला एखादा शब्द दिला कीं तो असलेल्या ओळी तेवढ्या उरतात, बाकीच्या झांकल्या जातात. हजारों ओळींच्या हिशेबांत एकच नांव दहा ठिकाणीं चुकलें असेल, तर त्या दहाही ओळी एकाखालीं एक येतात; दुरुस्त्या आटोपल्या कीं झांकलेला मजकूर जागच्या जागीं परत दिसतो. चार ओळींच्या चिठ्ठीला एवढा सरंजाम नको, हें खरें. परंतु लांब याद्या सांभाळणाऱ्या कारकुनाला, एंटर दाबण्यापूर्वीं आपण काय काय करणार आहों तें समासांत वाचून पाहतां येतें, आणि चुकीचा ‘डी’ तेथल्या तेथें पुसतां येतो.