परमुलखातला शिक्षक आणि साथीचा ताप



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी मी एक. ज्या दांडिया बाजारातून दप्तर घेऊन शाळेत आलो, त्याच रस्त्याने आज व्याख्यान द्यायला आलो, ह्याचा आनंद आहे आणि थोडा संकोचही आहे. मी इतिहासाचा संशोधक नव्हे. चाळीस वर्षे वर्गावर उभा राहिलेला एक शिक्षक आहे, आणि त्याच नात्याने आपल्याशी बोलणार आहे.

विषय निवडण्याचे कारण घरगुती आहे, म्हणून ते प्रथम सांगतो. माझी मुलगी मस्कतच्या एका शाळेत शिकवीत असे. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. पुढे भारतीयांना मायदेशी आणणारी विमाने सुरू झाली, तेव्हा तिने एका रात्री फोनवर विचारले, ‘‘बाबा, मी परत येऊ का? माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या वडिलांचे काम सुटले आहे. मी निघाले तर त्यांची विचारपूस कोण करील, हे कळत नाही.’’ जन्मभर मुलांना प्रश्नांची उत्तरे देत आलेला मी त्या रात्री गप्प बसलो. बाप म्हणून ‘ये’ म्हणावेसे वाटत होते. शिक्षक म्हणून तो शब्द तोंडातून बाहेर पडेना. ते उत्तर शोधण्यासाठी नंतरच्या काळात मी जे वाचले आणि जो विचार केला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

करोना आणि इन्फ्लुएन्झा हे दोन निराळे विषाणू आहेत, हे मला ठाऊक आहे. परंतु परक्या मुलखात शिकविणाऱ्या माणसापुढे साथीत कोणता प्रश्न उभा राहतो, हे पाहावयाचे असेल तर १९१८ च्या इन्फ्लुएन्झाकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

त्या वर्षी १० जूनला मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती मात्र प्राणघातक होती. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेच्या रुळांवरून ताप देशभर गेला. हिंदुस्थानात एकंदर किती माणसे दगावली ह्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, तथापि सव्वा कोटी ते पावणेदोन कोटींच्या दरम्यान बहुतेकांचे अंदाज येतात. १९२१ ची शिरगणती झाली तेव्हा देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमी भरली. त्यात भर म्हणजे १९१८ चा पाऊसही फसला होता. धान्य महागले होते आणि दख्खनच्या जिल्ह्यांत दुष्काळ व ताप एकाच वेळी घरात शिरले होते.

ह्या तापाच्या दोन गोष्टी शाळेच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. एरवीचा ताप म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना नेतो. ह्याने वीस ते चाळीस वर्षांची धडधाकट माणसे, विशेषतः स्त्रिया, मोठ्या संख्येने नेली. म्हणजे शाळेत बसलेले मूल वाचले आणि त्याची आई गेली, असे असंख्य घरांत घडले. महात्माजींची थोरली सून, हरिलाल ह्यांची पत्नी, ह्याच तापाने गेली आणि तिच्या पोरक्या मुलांचा सांभाळ कस्तुरबांना करावा लागला. मोठ्यांच्या घरी जे झाले ते लहानांच्या घरी झालेच, फक्त त्याची नोंद राहिली नाही.

दुसरी गोष्ट अशी की, सबंध घर एकदम अंथरुणाला खिळे. चुलीपाशी जायला कोणी उरत नसे. त्या वेळी ह्या रोगावर औषध नव्हते. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणूच मुळी १९३३ साली इंग्लंडमध्ये सापडला. तेव्हा रोग्याला वाचविण्याचा जो काही उपाय होता तो म्हणजे वेळेवर पाणी, पातळ पेज, ऊब आणि स्वच्छता. त्यासाठी डॉक्टरच हवा असे नव्हते. आपल्या पायांवर उभे असलेले आणि दार ठोठावून आत जाऊ शकणारे माणूस हवे होते.

‘दार ठोठावून आत जाऊ शकणारे’ हे शब्द मी हेतुपूर्वक वापरले. कारण त्याआधी वीसच वर्षांपूर्वी प्लेगच्या काळात पुण्यात दारे कशी ठोठावली गेली होती, ते लोक विसरले नव्हते. १८९७ साली पंडिता रमाबाईंनी आपल्या शाळेतील एका मुलीची प्लेगच्या इस्पितळात नेल्यानंतर जी अवस्था झाली, तिच्याविषयी मुंबईच्या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. सरकारने ती तक्रार नाकारली. पण दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर न्यावे लागले, आणि तेथूनच मुक्तिसदन उभे राहिले. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. देशातील स्त्रीशिक्षणाच्या आद्य शिक्षिकेचा अंत वर्गाबाहेर, रोग्याच्या उशाशी राहिल्यामुळे झाला, ही गोष्ट शिक्षकाने विसरू नये.

येथे एक दुवा सांगावासा वाटतो. सावित्रीबाईंना शिक्षिकेचे शिक्षण मिळाले ते अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यास मिसेस मिचेल ह्यांच्याकडे. दोघीही परदेशी. सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस अमेरिकेतून मुंबईस आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या आणि १८६२ साली तेथेच वारल्या. चौतीस वर्षे त्या मराठी मुलींना शिकवीत राहिल्या. त्यांच्या धर्मप्रसाराच्या हेतूविषयी आपले मत काहीही असो, परमुलखातल्या शिक्षिकेने पेरलेले बी कोठे उगवले, हे इतिहासाने दाखवून दिले आहे.

आता मी आपल्याला फार दूर, प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर नेतो. साथीच्या तापात सापडलेल्या परदेशी शिक्षिकेचा प्रश्न तेथे जितका उघडपणे दिसतो तितका मला अन्यत्र दिसला नाही. पहिल्या महायुद्धात पश्चिम सामोआ न्यूझीलंडच्या लष्करी अमलाखाली आला होता. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून ‘तालुने’ नावाची आगबोट आपिया बंदरात आली. बोटीवर तापाचे रोगी होते, तरी उतारू उतरविले गेले. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या एक-पंचमांशाहून अधिक, मरण पावली. शेजारच्या अमेरिकी सामोआत मात्र कमांडर पॉयर ह्यांनी बंदराची नाकेबंदी केली, आणि तेथे ह्या तापाने एकही मृत्यू झाला नाही. मध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी. एकीकडे हजारो थडगी, दुसरीकडे एकही नाही.

आपियाजवळ पापाउता येथे लंडन मिशनरी सोसायटीची मुलींची शाळा होती. तेथील शिक्षिका मिस मूर ह्यांच्यापुढे आजारी मुलींची शाळा होती आणि अन्न मिळण्याची पंचाईत होती. त्यांनी अंमलदार कर्नल लोगन ह्यांच्याकडे मदत मागितली. लोगन ह्यांनी ती नाकारली, आणि नाकारताना सामोअन लोकांविषयी जे शब्द काढले ते ह्या व्यासपीठावरून उच्चारण्याजोगे नाहीत. मिस मूर ह्यांनी ते लिहून ठेवले. १९१९ साली चौकशी आयोग बसला. तब्बल ८४ वर्षांनी, २००२ मध्ये, न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क ह्यांनी आपियात जाऊन सामोआची माफी मागितली.

ह्या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. मिस मूर आणि कर्नल लोगन हे दोघेही त्या बेटावर परकेच होते. दोघांचा वर्ण एक, राज्य एक, भाषा एक. तरीही एकीला त्या मुली ‘माझ्या मुली’ वाटत होत्या आणि दुसऱ्याला ते निव्वळ ‘हे लोक’ होते. परकेपण पारपत्रावर लिहिलेले असते, हा आपला समज अपुरा आहे. ज्याला वर्गातल्या मुलांची नावे माहीत आहेत, तो पुरता परका राहत नाही.

पण ह्याची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या समुद्रमार्गाने शिक्षक आले त्याच मार्गाने तापही आला. शिक्षणासाठी मुले एका छपराखाली गोळा केली की रोगालाही ती एकत्रच सापडतात. २००९ च्या जून-जुलैमध्ये आपल्या पाचगणीच्या एका निवासी शाळेत नव्या इन्फ्लुएन्झाची साथ पसरली आणि तिचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण कोरियात इंग्रजी शिकविण्यासाठी नव्याने आलेल्या परदेशी तरुण शिक्षकांच्या एका गटात लागण आढळली व त्यांना विलग ठेवावे लागले. ज्यांना गावाची भाषा येत नव्हती, ओळखदेख नव्हती, त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. त्यांचा दोष एवढाच की त्यांना आधी कोणी ओळखत नव्हते. सामोआतील शिक्षिका साथीपूर्वीच मुलींची झाली होती. ह्या तरुणांना तो अवधीच मिळाला नाही.

शाळा बंद कराव्यात की चालू ठेवाव्यात, हा वाद नवा नाही. १९१८ मध्ये न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त कोपलंड ह्यांनी शाळा चालू ठेवल्या. त्यांचे म्हणणे असे की, गरीब वस्तीतली मुले अंधाऱ्या खोलीत कोंडून राहण्यापेक्षा शाळेत रोज सकाळी त्यांची तपासणी झालेली बरी. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याने काही दिवस शाळा बंद ठेवल्या. २०२० मध्ये आपण सर्वांनीच बंद केल्या, आणि गुजरातेत पहिली ते पाचवीचे वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ उघडले नाहीत. रोगरोगांत फरक असतो, म्हणून सर्वकाळ लागू पडेल असे उत्तर मी देत नाही. माझे म्हणणे इतकेच की, दाराला कुलूप लावताना ‘हे मूल आता कोठे जाईल आणि त्याला कोण जेवू घालील’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याचे काम आरोग्यखात्याचे जितके, तितकेच शिक्षकाचे आहे.

श्रोतेहो, हे सारे दांडिया बाजारात बसून बोलण्याला एक औचित्य आहे. आपण येथले मराठी लोक स्वतः परमुलखातून आलेल्यांचे वंशज आहोत. कोणाचे आजोबा कोकणातून आले, कोणाचे देशावरून. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. त्या राज्यात मराठी शिक्षकाला गुजराती मुलांपुढे उभे राहावयाचे, तर त्याने आधी गुजराती शिकणे ओघानेच आले. घरी मराठी आणि वर्गात गुजराती, ही आपल्या कित्येक घरांची रीत होती. तेव्हा ‘परदेशी शिक्षक’ म्हणजे टोपी घातलेला साहेबच, असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या मुलाला दुसऱ्याच्या भाषेत शिकविणारा प्रत्येक जण थोडाफार परदेशीच असतो.

आणि त्या काळी साथीत दुसऱ्याच्या घरात जाणे सोपे नव्हते. कोणाच्या हातचे पाणी कोणाला चालते, कोणत्या घरी पुढच्या दाराने जायचे आणि कोठे अंगणातूनच हाक द्यायची, हे ज्याला ठाऊक नसेल त्याची पेज दारातच थंड होणार. हे ज्ञान साथ आल्यावर मिळविता येत नाही. ते आधीच, निरोगी दिवसांत, मुलाच्या घरी जाऊन, त्याच्या आईशी चार शब्द बोलून मिळवावे लागते. आमच्या गुरुवर्यांना प्रत्येक विद्यार्थ्याचे घर माहीत होते. मूल दोन दिवस आले नाही की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दारात उभे असत. लहानपणी आम्हाला त्याची धास्ती वाटे. त्या सवयीची किंमत मला फार उशिरा कळली.

म्हणून आज परदेशी शिकवावयास जाणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना मी तीन साध्या गोष्टी सांगेन. पहिली, तेथील भाषा बाजारापुरती तरी शिका आणि मुलांची घरे पाहून ठेवा. दुसरी, साथ आली तर औषधाची चिंता वैद्यावर सोपवा, पण अन्नपाण्याची चौकशी स्वतः करा. तिसरी, मदत नाकारली गेली तर ते लिहून ठेवा. मिस मूर ह्यांना अन्न मिळविता आले नाही, परंतु त्यांनी लिहिले म्हणून जगाला ते कळले.

माझी मुलगी त्या वेळी परतली नाही. वर्गातल्या प्रत्येक घरी ती रोज फोन करीत राहिली. कोणाकडे शिधा संपला आहे हे कळले की तेथल्या आपल्या मंडळींना सांगून तो पोहोचता करीत राहिली. सुदैवाने ती सुखरूप राहिली. तशी राहिली नसती, तर आज हे शब्द माझ्या तोंडून निघाले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. प्रत्येकाने राहावेच, असा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. ज्याच्या घरी आजारी आईबाप आहेत त्याने परत यावे, त्यात कमीपणा नाही. पण जो राहतो तो कशासाठी राहतो, हे आपण समजून घ्यावे, आणि त्याच्या मागे उभे राहावे, एवढीच विनंती आहे.

त्या रात्री तिला जे उत्तर देता आले नाही, ते आज गुरुवर्यांच्या तसबिरीसमोर देता आले, ही संधी दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे.