मोटरसायकलला मोटर कुठली घ्यावी?

(मंडळाच्या संक्रांत संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला 'विजेवरची मोटरसायकल' असा भला मोठा विषय दिला आणि वेळ दिली पाच मिनिटं. तेव्हा बॅटरी, चार्जर सगळं बाजूला ठेवतो आणि ज्यात मी स्वतः तोंडघशी पडलो तेवढंच सांगतो. मोटरची निवड.

आपल्या शेफील्डचे चढ तुम्हाला ठाऊक आहेतच. दोन वर्षांपूर्वी इंजिन कामातून गेलेली एक जुनी १२५ सीसी गाडी मला जवळजवळ फुकट मिळाली. इंजिन काढलं आणि मागच्या चाकातच बसणारी हब मोटर मागवली, ३ किलोवॅटची. चेन नको, गिअर नको, तेलाचे डाग नकोत. सपाट रस्त्यावर गाडी ताशी ४० मैलांनी झकास पळाली. सौ.नेसुद्धा कौतुक केलं, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी १२ टक्क्यांचा एक लांब चढ लागला. वेग १५ मैल, आणि मागे बस. आधी जळका वास आला, मग गाडी थांबली. उतरून ढकलायला गेलो तर चाक हलता हलेना! गुंडाळीवरचं एनॅमल जळून तारा एकमेकींना टेकल्या की मोटरच ब्रेकसारखी धरते, आणि हब मोटर काही चाकापासून रस्त्यात वेगळी करता येत नाही. शेवटी बसमधल्या दोघांनी मागचं चाक उचलून धरलं, तेव्हा कुठे गाडी फुटपाथवर आली.

मुलगी ए-लेव्हलला फिजिक्स करते. रात्री तिने कागद पुढे ओढला. म्हणाली, "बाबा, पॉवर पुरेशी होती. टॉर्क नव्हता."

तिचा हिशेब असा. गाडी आणि मी मिळून सव्वादोनशे किलो. त्या चढावर १५ मैलांनी जायला सुमारे २ किलोवॅट पुरतात, म्हणजे माझ्या ३ किलोवॅटच्या आतच. पण चाकावर टॉर्क लागतो जवळपास ९५ न्यूटन-मीटर. हब मोटरला तो सगळा एकटीने द्यायचा, तोही मिनिटाला जेमतेम २०० फेऱ्यांवर. टॉर्क म्हणजे करंट. करंट दुप्पट झाला की तारांमधली उष्णता चौपट होते. सपाटीवर वाऱ्याशी झगडायला पॉवर लागते, चढावर टॉर्क. मी फक्त पहिलीच बघितली होती.

मग दुसरी मोटर घेतली. पसरट तव्यासारखी, ब्रशची, ४८ व्होल्टची, कायम ८ किलोवॅट देणारी. 'कायम' हा शब्द महत्त्वाचा, कारण जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो आकडा बहुतेक वेळा मिनिटभराचा असतो. मोटरवर १३ दात्यांचं चक्र, मागच्या चाकावर ६५ चं, मध्ये चेन. एकास पाच. तोच चढ आता मोटरकडून १९ न्यूटन-मीटरच मागतो, आणि ५० मैलांच्या वेगाला तिच्या फेऱ्या होतात साधारण ३३५०. चेन आवाज करते, तेल मागते. मागू दे.

या पसरट मोटरची कल्पना सेड्रिक लिंच या इंग्रज संशोधकाची. २००९ साली आइल ऑफ मॅनवर विजेच्या मोटरसायकलींची पहिली शर्यत झाली, ती त्यांच्याच मोटरींवर धावणाऱ्या गाडीने जिंकली, सरासरी ताशी ८७ मैलांनी. संघाचं नाव काय, तर 'अग्नी'! माझ्या अनुभवानंतर हे नाव ऐकून मी जरा दचकलोच.

ब्रश झिजतात, ते अधूनमधून बदलावे लागतात. बिनब्रशच्या मोटरला ती कटकट नाही, पण तिचा कंट्रोलर जास्त गुंतागुंतीचा आणि मोटरशी जुळवून घ्यावा लागतो. ज्यांना आवड आहे त्यांनी जरूर घ्यावी. हब मोटरसुद्धा वाईट नव्हे; केंब्रिजसारख्या सपाट गावात राहत असतो तर कदाचित अजून तिच्यावरच फिरत असतो. मात्र मोटर कुठलीही असो, आत तापमानाचा सेन्सर बसवा आणि मीटर हँडलवर डोळ्यांसमोर ठेवा. माझा आता चढावर ७० अंशांच्या पुढे गेलेला नाही.

आणि हो, डीव्हीएलएला इंधन बदलल्याचं कळवा, विमा कंपनीलाही.

गाडी हॉलच्या मागे उभी आहे. जळकी मोटरही डिकीत आणली आहे, ज्यांना वास घ्यायचा असेल त्यांनी तिळगूळ खाण्याआधी घ्यावा.