छपराचा विमा



३ जून २०२० चा दिवस रायगड जिल्ह्यातले लोक विसरलेले नाहीत. त्या दिवशी निसर्ग नावाचे चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने वारा सुटला. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. कौले उडाली. पत्रे उडून दूर जाऊन पडले. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. त्यानेही सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या घरांना तडाखा दिला. आणि दोन्ही वेळा पावसाळा दारात उभा!

अशा वेळी तलाठी येतात, पंचनामा करतात. सरकारकडून पैसे मिळतात. ती मदत आहे, भरपाई नव्हे. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्र सरकारने ठरवलेले दर पाहा. पक्क्या घराची थोडी पडझड झाली तर ६,५०० रुपये. कच्च्या घराला ४,००० रुपये. तेही घराचे निदान १५ टक्के नुकसान झाले असेल तर. राज्य सरकार कधी त्यात भर घालते. पण वासे, रिपा, कौले, कोने आणि सुताराची मजुरी यांची बेरीज किती होते, ते कोकणातल्या माणसाला आम्ही काय सांगावे?

बाकीचा खर्च कोठून आणायचा? काही जण कर्ज काढतात, काही जण दागिना मोडतात. विमा असला तर ती पाळी येत नाही. पण विमा म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे.

१ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशात घरासाठी एक ठरावीक पॉलिसी आली. तिचे नाव भारत गृह रक्षा. विमा कंपन्यांवर देखरेख करणारे सरकारी प्राधिकरण आहे. त्यानेच तिचा मजकूर ठरवून दिला. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, घरावर झाड पडणे, अशा संकटांची यादी तीत आहे. वादळाने दार-खिडकी मोडली आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत भांडीकुंडी चोरीला गेली, तर तीही धरतात.

“मग दर पावसाळ्यात आमचं घर गळतं, त्याचे पैसे मिळतील काय?” असे कोणी विचारील.

नाही मिळणार. येथेच पुष्कळांची फसगत होते. कौल जुने झाले, वासा वाळवीने खाल्ला, पत्रा गंजून भोक पडले, ही काळाची झीज आहे. विमा झिजेसाठी नसतो, अचानक आलेल्या संकटासाठी असतो. “वाऱ्याने उडाले” आणि “कुजून पडले” या दोन शब्दांतच सगळा दावा अडकलेला असतो. कंपनीचा माणूस तपासणीला येतो तो हेच पाहायला. आणि वानरांनी कौले फोडली तर? हा प्रश्न कोकणात हटकून येतोच. काही बाहेरून येऊन आदळले तर ते यादीत आहे, पण वानराचे नाव काही त्या यादीत नाही. वाद घालता येईल, भरवसा मात्र धरू नये.

तेव्हा आपले छप्पर आधी धड होते, हे आपल्याला दाखवता आले पाहिजे. ते कसे दाखवायचे? अगदी सोपे आहे. दर वर्षी मे महिन्यात आपण घर शाकारतो. शाकारून झाले की मोबाईलने चार बाजूंनी छपराचे फोटो काढा. आतून वाशांचेही काढा. कौलांची पावती, सुताराला दिलेल्या पैशांची पावती जपून ठेवा. वादळानंतर या कागदाला फार किंमत येते. फोटो मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवरही पाठवून ठेवा. आपला फोन पाण्यात भिजला म्हणजे?

आता विमा किती रुपयांचा घ्यावा ते पाहू. जमिनीची किंमत यात धरायची नाही. जमीन काही उडून जात नाही! घर नव्याने बांधायला काय खर्च येईल तेवढाच धरायचा. समजा, घर ६०० चौरस फुटांचे आहे. बांधकामाचा दर फुटाला १,५०० रुपये पडतो. म्हणजे ९ लाख झाले. घरातल्या सामानाला विमा रकमेच्या २० टक्के आपोआप मिळतात, म्हणजे येथे १ लाख ८० हजार. (ही रक्कम १० लाखांच्या वर जात नाही.)

पूर्वीच्या पॉलिसींत एक मोठी खोच असे. घर १० लाखांचे आणि विमा ५ लाखांचा असला, तर १ लाखाच्या नुकसानीला ५० हजारच हाती पडत. भारत गृह रक्षा पॉलिसीत घराला हा नियम लावत नाहीत. तरीही विमा कमी रकमेचा घेऊ नये. सगळेच घर पडले तर मिळायचे ते त्या रकमेपर्यंतच.

अर्ज भरताना खरे ते लिहा. भिंती मातीच्या असतील, छपरावर झापे किंवा गवत असेल, तर तसे सांगा. हप्ता थोडा वाढेल. पण लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येते आणि तेव्हा ती महागात पडते. आणखी एक. घरासाठी बँकेचे कर्ज असेल तर “आमचा विमा आहे की” असे म्हणून स्वस्थ बसू नका. तो पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा विमा असतो. छपराशी त्याचा काही संबंध नसतो. बँकेकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या आणि त्यावर कशाचा विमा लिहिला आहे ते वाचा. वाचता येऊ लागले ते कशासाठी?

आता वादळ येऊन गेले असे धरा. पहिल्यांदा माणसे आणि गुरे सुखरूप आहेत ना ते पाहा. तुटलेल्या विजेच्या तारेला हात लावू नका. मग फोटो काढा. फोटो काढल्यावरच छपरावर ताडपत्री घाला. काही जण सर्व्हेअरची वाट पाहत छप्पर उघडेच ठेवतात. “हात लावला तर पैसे मिळायचे नाहीत,” अशी त्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. नुकसान वाढू न देणे हे विमा घेणाऱ्याचे कामच आहे. ताडपत्रीची पावती ठेवा. फुटलेली कौले आणि वाकलेले पत्रे मात्र टाकू नका, भंगारवाल्याला विकू नका. अंगणात एका कडेला रचून ठेवा. तोच आपला साक्षीदार.

त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, कंपनीला कळवा. फोन केला तर तक्रारीचा नंबर मागून वहीत लिहा. कोण बोलले, किती वाजता, तेही लिहा. दाव्याचा अर्ज लवकरात लवकर भरा. ३० दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नका. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जोडा. ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. पण पंचनामा झाला म्हणजे विमा कंपनीला कळले, असे नव्हे. ती दोन दारे वेगळी आहेत.

सर्व्हेअर येईल तेव्हा घरातले जाणते माणूस हजर असावे. त्याला जुने फोटो दाखवा. सुताराकडून खर्चाचा अंदाज लिहून घेतलेला असावा. कौलांच्या जागी कौलांचेच पैसे मिळतील, स्लॅबचे नव्हे. फुगवून आकडे सांगू नका. सर्व्हेअरने अशी छपरे पुष्कळ पाहिलेली असतात.

२०२४ साली प्राधिकरणाने मुदती ठरवून दिल्या. कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल, आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईला आणि पुण्याला आहेत. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. मात्र कंपनीचे उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. कोठे जावे ते सुचेना, तर १५५२५५ या नंबरावर फोन लावा. तो प्राधिकरणाचा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.